तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सापडला की काढून का टाकत नाही?’

मी बालगृहात काम करतो हे कळलं की तिसरा नाहीतर चौथा प्रश्न हाच असतो. ‘मोठी मुलं पितात, गांजा ओढतात म्हणे. मग सापडला की काढून का नाही टाकत? बाकीची तरी वाचतील.’ एरवी मी हसून विषय बदलतो. आज नाही बदलत.

काढून टाकायचं म्हणजे कुठे, हे आधी सांगा. तुमचा मुलगा पिऊन आला तर तुम्ही ओरडाल, आठवडाभर बोलणं टाकाल. घर बदलून द्याल का? आमची मुलं इथे पोचण्याआधीच कुठून ना कुठून काढलेली असतात. आणि आत येतं कसं म्हणाल, तर पाण्याच्या बाटलीतून, मोज्यातून, मित्राच्या दप्तरातून. तुमच्या घरात येतं तसंच.

पण मीही तुमच्यातलाच होतो. नियम माझाच होता: पहिल्यांदा सापडला की सुट्टी बंद, दुसऱ्यांदा दुसऱ्या संस्थेत रवानगी. झडत्या मी घ्यायचो, गाद्या मी उलटायचो. दोन महिने काही सापडलं नाही, तेव्हा बैठकीत काय ऐटीत सांगितलं होतं मी!

ती रात्र माझ्याच पाळीची. एक वाजता फेरी मारली. चार पलंग, चार पांघरुणं. दारातूनच बॅटरी फिरवली आणि वहीत लिहिलं, ‘सर्व झोपलेले. शांतता.’ पहाटे साडेचारला माझं दार वाजलं. पंधरा वर्षांचा एक मुलगा उभा. ‘काका, तो उठत नाहीये.’

‘तो’ सोळाचा. कुशीवर निजवलेला. उताणा होऊ नये म्हणून पाठीशी पुस्तकांनी भरलेलं दप्तर लावलेलं, तोंडाखाली शाळेचा शर्ट पसरलेला. अंग गार, ओठ निळसर. एक श्वास झाला की पुढचा येईपर्यंत माझा अडकत होता. रुग्णवाहिका येईपर्यंत मी हाका मारत होतो आणि हा पंधरा वर्षांचा पोर त्याची मान सांभाळत होता. दप्तराची युक्ती कुणी शिकवली, विचारलं. ‘बाबांना असंच ठेवायचो.’

शर्ट कोरडा होता. त्या पोराला ते चांगलं लक्षण वाटलं होतं, खरं सांगायचं तर मलाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं. दोघांनी आधी गांजा ओढला होता, मग दारू. गांज्याने मळमळ दबते, त्यामुळे एरवी शरीर जे बाहेर फेकून देतं ते आतच राहू शकतं. आणि शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरतच असते. ‘झोपला की उतरेल’ म्हणून सोडून दिलेला माणूस झोपेतच आणखी खोल जातो.

‘मला का नाही उठवलंस?’

‘तुम्ही पाठवून दिलं असतं त्याला. एकदा सापडलाय तो.’ मग जरा थांबून, ‘एकला तुम्ही आलात तेव्हा मी जागाच होतो. पांघरूण मीच ओढलं त्याच्या अंगावर.’

मुलगा वाचला. चौकशीत ‘सर्व झोपलेले’ ही नोंद माझ्या बाजूने उभी राहिली. मी ती खोडली नाही. अजून आहे.

आता कुणी दुसऱ्यासाठी मदत मागितली तर दोघांनाही शिक्षा नाही. लघवीची तपासणीही सरसकट करत नाही, आणि यावर मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं. अहो, गांजा चरबीत साठतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडेही दिसतो. दारू मात्र लवकर निघून जाते. पकडलं जायची भीती घातली की मुलं गांजा सोडून बाटलीकडे वळतात, नाहीतर नेहमीच्या तपासणीत न सापडणाऱ्या कृत्रिम मालाकडे. कित्येक जण झोपेसाठी ओढतात. सोडला की झोप उडते आणि दबलेली स्वप्नं जास्तच ठळक होऊन परततात. त्या स्वप्नांत काय असतं, हे त्यांच्या फायलीत वाचलंय मी.

फार कुणी छेडलं तर मी 1998 सालचा अमेरिकेतले डॉक्टर फेलिटी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पुढे करतो: बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट. आकडा खरा आहे. पण मी त्याच्या आड लपतो, हेही खरं.

कारण गेल्या वर्षी तेरा वर्षांचा एक मुलगा मोठ्यांबरोबर ओढताना सापडला. ‘इथे काही होत नाही, सगळे म्हणाले,’ असं सांगत होता. त्याची मावशी आली. ‘तुमच्या भरवशावर ठेवला होता हो.’ माझ्यातला जुना झडतीवाला तेव्हा जागा झाला. म्हणाला, बघ, सांगत नव्हतो? त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मावशीलाही नाही.

हल्ली फेरीला मी आत जातो. प्रत्येक पलंगापाशी वाकून श्वास ऐकतो. मोठी मुलं वैतागतात. परवा अंधारातून कुणीतरी म्हणालं, ‘जिवंत आहे काका, जा.’