चवथीआधीची काळी भिंत

चवथ आठ दिवसांवर आली की फोंड्यात आम्हा रंगकामवाल्यांना जेवायलाही सवड नसते. त्यातच एका काकींचा फोन. "गणपतीच्या खोलीतली भिंत परत काळी झाली रे! मखर कुठं मांडू?"

तो 'परत' मला लागला. गेल्या वर्षी हीच भिंत बघून मी छातीठोकपणे सांगितलं होतं की, वरच्यांच्या बाथरूममधून झिरपतंय. वरच्यांनी बिचाऱ्यांनी टाइल्स उखडून नव्या बसवल्या. मी बुरशीनाशक मारून दोन हात रंग दिला आणि पैसे घेतले.

कपाट ओढलं. मागे बरोबर कपाटाच्या मापाचा काळा बुरा, आतल्या सोवळ्यावरही पांढरी लव. यंदा मी जीभ आवरली. वीतभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवलं. ओल भिंतीतून येत असेल तर थेंब प्लास्टिकच्या मागे धरतात, हवेतली असेल तर पुढे.

दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर पुढची बाजू ओली. सोलून काढलं, मागे कोरडं ठणठणीत. भिंतीला तळवा टेकवला. माठासारखी गार!

"पलीकडे कोण असतं?"

"थोरला. हॉटेलात रात्रपाळी, दिवसभर झोपतो."

एसी 18 वर. मधली भिंत जेमतेम 4 इंची. इकडे एसी नाही, पावसामुळे खिडक्या बंद आणि डोक्यावर दोरीभर ओले कपडे. माझ्याकडच्या मीटरवर 28 अंश आणि 86 टक्के आर्द्रता. अशा हवेत 25 अंशांखाली गेलेल्या कशालाही घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा. वरचे बिचारे निर्दोष होते.

कोरडं खरवडलं की बुरा घरभर उडतो, म्हणून मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी पुसून काढला. एसी 26 वर, कपडे गॅलरीत, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, पंखा चालू. रंग दिला नाही. ओलीवर मारलेल्या रंगाचे दिवाळीपर्यंत पोपडे निघतात. चवथीला बिनरंगाची भिंत म्हणून काकी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

वरच्यांना सांगायला मात्र मलाच पाठवलं. त्यांनी बसवून चहा दिला, आणि कपाशेजारी गेल्या वर्षीचं टाइल्सचं बिल ठेवलं.