वय विचारा ना, पण आधार कशाला?

मी चित्रं काढते, त्यातली बरीचशी नग्न देहाची. कॉलेजात लाइफ ड्रॉइंगला मॉडेल समोर बसायचं तेव्हापासूनची गोडी आहे ती. गेली सहा वर्षं एका परदेशी साइटवर टोपणनावानं टाकते, टोपणनाव एवढ्यासाठीच की परळच्या आमच्या बिल्डिंगमधे आईला जिन्यात अडवून कुणी काही विचारायला नको.

गेल्या आठवड्यात दादरला लोकलची वाट बघत लॉगिन केलं तर मेसेज, महिन्याभरात वय सिद्ध करा, सरकारी ओळखपत्राचा फोटो आणि सेल्फी द्या. पर्समधून आधार काढलं, कॅमेऱ्यासमोर धरलंसुद्धा, चौकटीत माझं नाव, जन्मतारीख, नंबर आणि वर कोपऱ्यात माझं टोपणनाव. सहा वर्षांत ही दोन नावं मी पहिल्यांदाच शेजारी शेजारी बघितली. कार्ड परत आत ठेवलं.

हे सगळं येतंय ब्रिटनच्या ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टसारख्या कायद्यांमुळे. तिथे २५ जुलै २०२५ पासून अडल्ट साइट्सना वय तपासणं सक्तीचं झालंय, नाहीतर १ कोटी ८० लाख पाउंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. टेक्ससचा असाच कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं जून २०२५ मधे ६ विरुद्ध ३ नं उचलून धरला. कायदे तिकडचे, पण आमच्या साइटनं सरसकट सगळ्यांनाच लावलं.

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे, त्यानं माझी चित्रं आत्ता बघू नयेत हे मलाही मनापासून वाटतं. पण त्यासाठी फक्त 'अठरा पूर्ण' एवढंच कळायला हवं ना, नाव कशाला, नंबर कशाला? ऑक्टोबर २०२५ मधे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपनं सांगितलं की त्यांचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून जवळपास ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत, आणि ते लोकांनी दिले होते वयाच्याच भानगडीसाठी.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत न्यूडसमोर अर्धा तास उभं राहिलात तरी कुणी वहीत नाव लिहून घेत नाही. त्याच जहांगीरमधल्या चित्रांवरून १९५४ साली चित्रकार अकबर पदमसींवर अश्लीलतेची केस झाली, ते ती जिंकले, आणि तरी इतक्या वर्षांनी कस्टम्सनं चित्रकार एफ. एन. सूझा आणि पदमसींची सात चित्रं अश्लील म्हणून अडकवली, शेवटी ऑक्टोबर २०२४ मधे मुंबई हायकोर्टानं तो आदेश रद्द केला. म्हणजे अश्लील कशाला म्हणायचं हे अधिकाऱ्यागणिक बदलतं, पण कोण काय बघत होतं याची यादी एकदा झाली की ती तशीच राहते, मला भीती त्याची आहे.

दुसरा रस्ता नाही असंही नाही. युरोपियन कमिशननं जुलै २०२५ मधे एका अ‍ॅपचा नमुना दाखवला, त्यात साइटला फक्त अठरा पूर्ण आहेत एवढंच कळतं, नाव नाही. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठराखालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळून घेतलेली संमती लागणार आहे, म्हणजे वय विचारणं इथेही येणारच, तेव्हा कसं विचारायचं हे आत्ताच बोलायला हवं.

साइटला मेल टाकलाय की ओळखपत्र न देता काही सोय करा. उत्तर नाही आलेलं. काल रात्री बसून माझी चित्रं एकेक करून साइटवरून उतरवून घ्यायला लागले, २१४ आहेत, साठेक झालीत.