आधी आभाळ बघायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलेला माझा स्मेना ८ एम कॅमेरा कुणाच्या हातात दिला की पहिला प्रश्न ठरलेला: "खेळण्यातला आहे का?" अंग काळ्या प्लास्टिकचं, वजन तीनशे ग्रॅमच्या आत आणि सेल घालायला जागाच नाही. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यानं १९७० पासून असले दोन कोटींहून जास्त कॅमेरे काढले. रशियनमध्ये स्मेना म्हणजे कारखान्यातली पाळी, आणि पुढची पिढीसुद्धा. नाव ठेवणाऱ्याला मानलं!

पण मी भुललो लेन्सभोवतीच्या चित्रांना. शटरचा वेग आकड्यांत आहे, तसाच चित्रांतही. लख्ख सूर्य, ढगाआडचा सूर्य, भरून आलेलं आभाळ, पाऊस. सूर्यावर ठेवलं की शटर सेकंदाच्या २५० व्या भागापुरतं उघडणार, पावसावर ठेवलं की १५ व्या. पुढच्या कडीवर रोलचा स्पीड (तो उजेडाला किती चटकन दाद देतो, तो आकडा) लावला की ॲपर्चरचंही, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं याचंही, काम झालं. उजेड मोजणारं यंत्र आत नाहीच. मान वर करायची आणि आपणच ठरवायचं. (आषाढातल्या पावसात तो पाऊसवाला आकडा लावून बाहेर पडायची माझी तरी हिंमत नाही.)

आईला हे मिनिटात कळलं. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या म्हणजे पहाटे चीक शिजवण्याआधी ती गच्चीत जाऊन आभाळ बघून येते. मोबाइलवरच्या हवामानापेक्षा तिचा अंदाज बरा.

पहिला रोल तिच्यावरच संपवायला घेतला. या कॅमेऱ्यात शटर ताणायची कळ वेगळी आणि रोल पुढे सरकवायचं चाक वेगळं. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. चाक फिरवायचं विसरलात तर त्याच जागी दुसरा फोटो बसतो. मी विसरलो. रोल धुऊन आला तेव्हा पांढऱ्या धोतरावर ओळीनं घातलेल्या कुरडया, शेजारी उकिडवी बसलेली आई, आणि दोघींच्या अंगावरून आरपार निघालेली स्वारगेटची लाल एसटी.

आईनं चष्मा वर सारून फोटो नीट पाहिला. "कुरडयांवरनं एसटी नेलीस की रे!"

आता मी पिशवीतून कॅमेरा काढला की माझ्याआधी तीच वर बघते. "ढगाआडच्या सूर्यावर ठेव," म्हणते, "आणि आधी ते चाक फिरव."