आमची वाटचाल : प्रमाणपत्र छापूनच माल विकला

आम्ही टीव्ही मालिका डिस्कवर विकायचो, आणि आमच्या प्रत्येक डिस्कच्या मागच्या बाजूला सेन्सॉर प्रमाणपत्राची छोटी प्रत छापलेली असायची. क्रमांक, तारीख, वर्ग, लांबी, सगळं वाचता येईल अशा टायपात. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या फर्मने त्या प्रतीशिवाय एकही मालिका बाजारात आणलेली नाही. या धंद्यात असं म्हणू शकणारे थोडे आहेत. ज्यांना असं म्हणता येत नाही, त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पैसा केला. हा हिशोब कुठेतरी लिहून ठेवायलाच हवा होता.

सुरुवात लग्नाच्या शूटिंगपासून झाली. मी कॅमेऱ्यावर, आणि आमचे भागीदार अण्णा डेकवर, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्रावर. अण्णांकडे कसलीही पदवी नव्हती, पण डेकच्या नुसत्या आवाजावरून टेप कुठे ओढली जातेय ते ते सांगत. व्हीसीडीचा, म्हणजे व्हिडिओच्या सीडीचा, जमाना आला तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आम्ही वाहिन्यांच्या टेपांसाठीचा जुना बीटाकॅम प्लेअर आणला आणि त्याच्या जोडीला टीबीसी, म्हणजे टेपचं थरथरणारं चित्र स्थिर करणारं यंत्र. प्लेअर सगळेच घेत, टीबीसीवर पैसे घालायला कुणी तयार नसे. पण जुन्या टेपमधल्या थरथरणाऱ्या रेषा सरळ केल्याशिवाय सिग्नल एन्कोडरला, म्हणजे डिस्कसाठी चित्र दाबून लहान करणाऱ्या यंत्राला दिला, तर व्हीसीडीच्या ३५२ बाय २८८ च्या चित्रात निव्वळ चौकोन दिसतात. अण्णा प्रत्येक टेप आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घेत, टेप वाचणारं हेड पुसत, आणि मगच कॅप्चर सुरू करत. आमच्या डिस्कवर नटांचे डोळे दिसतात असं दुकानदार म्हणत, त्याचं श्रेय अण्णांचं.

आता प्रमाणपत्राविषयी. वाहिनीवर मालिका दाखवायला सेन्सॉर लागत नाही, केबलच्या १९९४ च्या नियमांमधली कार्यक्रम संहिता पाळली की झालं. तीच मालिका डिस्कवर विकायची म्हटली की १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा लागू होतो. ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असं छापून सुटका होत नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही पुढे हेच सांगितलं. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ए आहेच : प्रमाणपत्राची प्रत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराचं नाव-पत्ता डिस्कवर हवं. नसेल तर कलम ६८ए खाली तीन वर्षांपर्यंत कैद. नाटकाचंही तसंच. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने संहिता मंजूर केलेली असली, राज्यभर प्रयोग झालेले असले, तरी चित्रीकरण विकायला पुन्हा सेन्सॉर. अनेकांना हा जाच वाटायचा. मला कधी वाटला नाही. टीव्हीवर एखादं दृश्य एकदा येऊन सरकून जातं. घरी डिस्क असली की आठ-दहा वर्षांचं पोर दुपारी एकटं बसून तेच दृश्य दहा वेळा मागे नेऊन बघू शकतं. दोन्हींना एकच माप लावून कसं चालेल?

मग २००६ ची दिवाळी आली, आणि आम्ही बुडता बुडता वाचलो.

एका गाजलेल्या गूढ मालिकेचे व्हीसीडी हक्क आम्ही घेतले होते. निर्मात्याने डीव्हीडीचे हक्क दुसऱ्या एका वितरकाला विकले होते. तेही कायदेशीरच, तक्रार नाही. एका व्हीसीडीत ८० मिनिटं बसतात, म्हणजे तीन भाग. मोठा संच होणार होता. अर्जासोबत संवादांसह पूर्ण संहिता द्यावी लागते, आणि निर्मात्याकडे ती नव्हतीच. रोजच्या रोज सेटवर लिहिलेले कागद कुणी जपून ठेवतं का? अण्णा आणि मी हेडफोन लावून एकेका भागाचे संवाद हाताने उतरवत बसलो. कुत्रा भुंकला तर तेही कंसात लिहायचं. पावसाळा त्यातच गेला. डिस्क छापणाऱ्या कारखान्यात आम्ही धरलेली तारीख हुकली आणि आगाऊ भरलेली रक्कम परत मिळाली नाही. दिवाळीच्या गर्दीत पुढची तारीख मिळाली ती दुप्पट दराने.

सेन्सॉरच्या परीक्षण समितीने मालिका पाहून यूए, म्हणजे लहान मुलांनी आईवडिलांच्या देखरेखीत पाहायचा वर्ग, द्यायची तयारी दाखवली, दोन बदलांसह. एका पात्राने फास तयार करतानाचा अगदी जवळून घेतलेला शॉट काढायचा आणि एक शिवी म्यूट करायची. बदल नको असतील तर ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने केबलवरचे ‘ए’ सिनेमे बंद झाले होते, तेव्हापासून त्या अक्षराचा माल दुकानदार हातातही धरत नसत. पण आम्ही कट स्वीकारले ते धंद्यासाठी नाही. तो शॉट घरात फिरणाऱ्या डिस्कवर नकोच होता, हे अण्णांचं मत पहिल्या दिवसापासून होतं. कापलेला तुकडा वेगळ्या कॅसेटवर काढून सेन्सॉर मंडळात जमा केला, दोन्ही भाग पुन्हा एन्कोड केले, प्रमाणपत्र आल्यावर इनले, म्हणजे डबीतले छापील कागद, छापायला दिले.

तेवढ्यात त्या दुसऱ्या वितरकाचा संच बाजारात आला. मागे ठसठशीत ‘यू’, म्हणजे सगळ्यांसाठी, पण क्रमांक नाही, तारीख नाही. त्याने अर्जच केला नव्हता. फास जसाच्या तसा, शिवी जशीच्या तशी, आणि मुलांच्या मालावर असतं ते अक्षर! वर त्याची माणसं दुकानोदुकानी सांगत फिरली, ‘आमच्यात पूर्ण आहे, त्यांच्यात कापलंय.’ लक्ष्मी रोडवरचे आमचे जुने दुकानदारसुद्धा माल परत करू लागले. एक गिऱ्हाईक पेठेत येऊन आमच्यावर ओरडून गेलं, आम्ही त्याला फसवलं म्हणून. कायदा पाळणारा चोर ठरला, आणि खोटं अक्षर छापणारा उजळ माथ्याने दिवाळी करून गेला. त्याच्यावर कधीही कारवाई झाली नाही. पुढे २००९ मध्ये राज्याच्या एमपीडीए या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरसी करणारे आले, पण त्याचा रोख होता तो मालाची नक्कल करणाऱ्यांवर. खोटा वर्ग छापणाऱ्याला कुणी हात लावला नाही. इतकी वर्षं झाली, मी हे विसरलेलो नाही.

आम्हाला वाचवलं ते साताऱ्याच्या लायब्ररीवाल्या काकांनी. काकांची पद्धत ठरलेली. डिस्क हातात आली की आधी पाठ बघायची, मग पोट. यू खालच्या फळीवर, यूए मधल्या, ए काउंटरच्या मागे. शाळकरी पोर यूए मागायला आलं तर म्हणायचे, ‘आईला पाठव.’ त्या वितरकाचा माल त्यांनी क्रमांक नाही म्हणून दारातूनच परत केला. आमच्या परत आलेल्या संचांची बातमी कळल्यावर एसटीने पुण्याला आले, जिन्यातले खोके पाहिले आणि म्हणाले, ‘हे सगळं मी घेतो. कऱ्हाड, वाई, फलटणच्या लायब्रऱ्या माझ्याकडूनच उचलतात.’ पैसे रोख आणि आधी. अण्णांनी गहाण टाकलेला गाळा त्या पैशांनी सुटला. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा औषधांचं दुकान चालवतो, आणि आमच्या ऑफिसात त्याच्याकडून आजही पैसे घेतले जात नाहीत.

नंतरची काही वर्षं बरी गेली. मग डिस्कच संपली.

आज आमचं मुख्य काम जुन्या टेपांचं डिजिटायझेशन आणि ओटीटीसाठी फायली तयार करणं. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर यूए ७+, १३+, १६+ असे वर्ग आले, २०२३ च्या दुरुस्तीने ते सिनेमालाही लागू झाले. मला याचा मनापासून आनंद आहे. जुना यूए म्हणजे बाराखालच्या मुलांना आईवडिलांच्या देखरेखीत एवढंच, सात वर्षांच्या पोराला आणि अकराच्या पोरीला एकच. पण ओटीटीवरचा वर्ग प्रकाशकाने स्वतः ठरवायचा असतो, म्हणून पालकांनी अक्षरावर थांबू नये. शेजारी हिंसा, भाषा, आत्महत्या असं जे लिहिलेलं असतं ते आधी वाचावं. आणि मुलांच्या हातात रिमोट देण्याआधी खात्यावर पिन घालावा.

नव्या पोरांना एक सांगतो. जुनी मालिका अपलोड करायला घेताना ‘टीव्हीवर आलीच होती’ यावर विसंबून सरसकट यू टाकू नका. प्रत्येक भाग बघा, शेवटपर्यंत बघा. आणि कुणाच्या कपाटात जुन्या मालिकांच्या टेपा असतील तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, वर्षातून एकदा पुढे-मागे फिरवून घ्या. बुरशी दिसली तर घरच्या डेकमध्ये घालू नका, हेड जाईल आणि टेपही. आहे तशी आमच्याकडे आणा, सोबत करारपत्र आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत असेल तर तीही. कागद नसले तर संवाद उतरवून द्यायचं काम आम्ही अजूनही हातानेच करतो.