बोल सरळ, फरशी वाकडी!

आम्ही काही म्हातारी मंडळी लॉन बोल्सचा खेळ हॉलमध्ये गालिच्यावर खेळतो: मधल्या चकतीला न लागता लाकडी गोळा, म्हणजे बोल, घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या लहान गोळ्याच्या, म्हणजे जॅकच्या, जवळात जवळ न्यायचा. मागच्या वेळी उद्यमनगरातल्या लेथवर कातून आणलेल्या शिसवी बोलांना मी भरपूर नावं ठेवली होती. सगळी मागं घेतो.

दुखणं असं होतं. फोरहँड, म्हणजे हाताच्या बाजूनं, टाकला की बोल इतका वळायचा की गालिचाच सोडायचा. बॅकहँड, म्हणजे उलट बाजूनं टाकलेला, मात्र सरळसोट जाऊन मधल्या चकतीला धडकायचा, म्हणजे बाद. आमच्यातल्या आक्का डावखुऱ्या, त्यांचं नेमकं उलटं. आम्ही त्यांच्या मनगटाला दोष देत होतो. लेथवाल्याला बायसची, म्हणजे बोल वळवणारी, बाजू तीनदा घासायला लावली. चौथ्यांदा गेलो तर म्हणाला, "काका, माझ्या लेथला काय बोलू नका. आधी तुमची फरशी बघा!"

गवंड्याकडची पातळी बघायची पाण्याची नळी आणून बघितलं. गालिच्याच्या ६ फूट रुंदीत मोरीकडं चक्क पाऊण इंच ढाळ! पंगत उठल्यावर हॉल धुतला की पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम दिलेला. बोल मंदावला की बायस लागतो, आणि ढाळही तिथंच लागतो. शेवटच्या पाच-सहा फुटांत खेळ संपायचा.

मोरीकडच्या कडेखाली रद्दी घातली, तर मधे खळगा झाला. गालिचा आडवा टाकावा तर तो ३० फूट आणि हॉलची रुंदी २२. पाचरी लावून प्लायवूड बसवायचं म्हटलं तर सहा शीट लागतात. ती रोज उचलणार कोण? आमच्यात सगळ्यात तरुण मी, अडुसष्टचा.

जाता जाता: मंडपवाल्याचा लाल गालिचा कुणी घेऊ नका, त्याची लव एकाच बाजूला बसते. ऑफिसात घालतात तो बिनलवीचा बरा.

एक गोष्ट मात्र झकास झाली. तात्यांना वाकता येत नाही, म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून घसरगुंडी केली. खुर्चीत बसून सोडलेला त्यांचा दुसराच बोल जॅकला जाऊन चिकटला. तात्या दिवसभर तेच सांगत होते. २०२२ला बर्मिंगहॅममध्ये आपल्या पोरींनी लॉन बोल्सचं सुवर्ण जिंकलं, तेव्हाही ते इतके खूश नव्हते.

प्लायवूडचा हिशेब इथं मांडणार होतो, पण लिहिता लिहिताच सुचलं. चालणं वाचावं म्हणून आपण सगळे एंड, म्हणजे डाव, एकाच टोकानं टाकतो. टोक आलटून पालटून घेतलं तर ढाळ एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. आक्कांना लगेच फोन लावला. "तीस फूट चालायचं ना? डॉक्टरांनी चालाच म्हणून सांगितलंय."

रविवारी करून बघतो. खुर्च्या मात्र आता दोन्ही टोकांना लागणार.