पाच फूट खोड वाचवायचंय: नॉटिंगहॅममधल्या केळीचा तिसरा हिवाळा

२० नोव्हेंबर २०२४
काल सकाळी पडदा सरकवला तर बागेत बर्फाचा पातळ थर, आणि मधल्या केळीची नऊच्या नऊ पानं मिटलेल्या छत्रीसारखी खोडाला चिकटून लोंबत होती. आज ती काळी पडलीत. म्हणजे आता कामाला लागायचं. पानं हिरवी असताना मी झाकायची घाई करत नाही. शेवटच्या उबदार दिवसापर्यंत ती कंदात अन्न साठवतात आणि पहिल्या गोठणाऱ्या दवात तशीही जाणारच असतात. वाचवायचं ते खोड.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगते. ही मूसा बासजू, मूळची दक्षिण चीनमधली, जपानात धाग्यासाठी लावलेली. फळं बोटाएवढी, बियांची, खाण्यासारखी नाहीत. वर जाड आच्छादन असेल तर हिचा कंद −१० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी काढतो. खोडाचं तसं नाही. ते एकात एक गुंडाळलेल्या सोपटांचं (पानांच्या देठांच्या आवरणांचं), बहुतांश पाण्याचं. गोठलं की आतून फुटतं आणि काही आठवड्यांत त्याचा लगदा होतो. वसंतात कंदातून मुनवे (नवी पिलं) येतात, पण वाढ पहिल्यापासून सुरू करावी लागते, आणि इथल्या एका उन्हाळ्यात निसवण्याइतकी, म्हणजे केळफूल बाहेर पडण्याइतकी, पानं काही निघत नाहीत. केळफूल बघायचं तर गेल्या वर्षीचं खोड उभं राहायलाच हवं. आबांच्या जळगावकडच्या रावेरच्या बागेत दर वर्षी हजारो झाडं निसवतात. मला इथे एक बघायचंय.

पहिल्या हिवाळ्यात, २०२२ मध्ये, मी खोडाला फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलं होतं. त्या डिसेंबरात इथे दहाएक दिवस सलग कडाका होता. मार्चमध्ये प्लास्टिक सोडलं आणि वासानेच कळलं. झाडाचाच ओलावा आत कोंडला होता, खोड हाताने दाबलं की आत जात होतं. दुसऱ्या वर्षी गव्हाचं काड वापरलं, पण वर छप्पर नव्हतं. पाऊस काडातून झिरपत राहिला आणि हाती दीड फूट लागलं. दोन्ही वेळा नुकसान पाण्याने केलं, हे आता मला पक्कं पटलंय.

२४ नोव्हेंबर
पानं देठाचा बोटभर भाग ठेवून कापली. वरचा पोंगा (न उलगडलेलं, गुंडाळलेलं पान) मात्र शाबूत ठेवला. तो कापला की त्या भोकातून पाणी थेट गाभ्यात उतरतं. खोडाभोवती पाच बांबू ठोकले, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल फिरवली, खोड आणि जाळी यांत सगळीकडे वीतभर जागा राहील अशी. त्यात काड भरलं. अडीच गठ्ठे लागले. काड दाबायचं नाही, ऊब त्यातल्या हवेमुळे राहते. आणि गवत नको, काडच हवं. वाळलेलं गवत ओल धरतं आणि कुजतं. बाहेरून फ्लीसचे (झाडं झाकायच्या पातळ कापडाचे) दोन वेढे दिले, कारण त्यातून हवा खेळते. माथ्यावर बागकामाचं रबरी घमेलं उलटं बांधलं, काडाच्या चार बोटं वर, म्हणजे कडेने वाफ निघून जाईल. बुंध्याशी फूटभर झाडसालीचं आच्छादन. इथली माती लाल, चिकण, हिवाळाभर पाणी धरून ठेवणारी. म्हणून ही केळ मी आधीच वीतभर उंचवट्यावर लावली आहे.

८ डिसेंबर
दराग वादळाने घमेलं उडवून कुंपणापलीकडे टाकलं. शेजारच्या काकूंनी ते आणून दिलं, पण तोवर रात्रभराचा पाऊस आत गेला होता. वरचं दोन वीत काड काढून कोरडं भरलं आणि घमेल्याला चारही बाजूंनी दोरीचे ताण दिले.

११ जानेवारी २०२५
आठवडाभर गोठवणारी थंडी. माझ्या थर्मामीटरवर पहाटे −७. काडात खोडाला लागून दुसऱ्या थर्मामीटरची तार सोडली आहे. तिचा सर्वांत खालचा आकडा −१.८. दिवसाही बाहेर शून्याच्या वर फारसं गेलं नाही, आत मात्र चढउतार अगदी संथ.

आबांचा फोन आला. "रात्री पाणी दे आणि कडेला पाला पेटवून धूर कर, चरका बसणार नाही." चरका म्हणजे थंडीचा फटका. रावेरात ते बरोबरच आहे. तिथे विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असतं, पारा ८-१० पर्यंत उतरतो आणि दुपारी ऊन असतं. इथे मुळाशी पाणी म्हणजे कंद कुजलाच. मी म्हटलं, "आबा, आमच्याकडे जानेवारीत पाणी तोडायचं असतं." ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग निंबोळी पेंड तरी दे." ती एप्रिलमध्ये देईन.

९ फेब्रुवारी
काडात कोपरापर्यंत हात घातला. कोरडं. खोड मध्यापर्यंत टणक. बुंध्याशी उंदरांनी काड कुरतडून घर केलं होतं. ते काढलं, सोपटाला दात लागलेले नाहीत. पोंग्याचा सावध वास घेतला, आंबूस काही नाही.

२२ मार्च
मार्च कोरडा आणि उन्हाचा चाललाय. फ्लीस आणि घमेलं काढलं, जाळी व काड ठेवलं. अंधारात राहिलेलं खोड एकदम उन्हात आणलं की भाजतं, म्हणून आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं काड उपसणार.

५ एप्रिल
आज सगळं उघडलं. माथ्याचा भाग तपकिरी, मऊ. डिसेंबरात पाणी शिरलं होतं तोच. पोंगा ओढला तर हातात आला. धारदार सुरीने चार बोटांच्या चकत्या काढत खाली आले. पहिल्या दोन तपकिरी, तिसरीत मध्यभागी डाग, चौथी पूर्ण पांढरीफट्ट, पाणी सुटलेली. तिथे थांबले. टेप लावली: चार फूट एक इंच.

६ एप्रिल
सकाळी बघितलं तर कापलेल्या सपाट चकतीच्या मधोमध गाभा बोटाच्या पेराएवढा वर आला होता. कितीतरी वेळ तिथेच उकिडवी बसून होते.

२७ एप्रिल
पोंगा सव्वा फूट. पहिलं पान अर्धं उलगडलंय, कडा कापल्यामुळे सरळ छाटल्यासारखी दिसते. बुंध्याला तीन मुनवे आलेत, दोन काढून कुंडीत लावणार. इथे मेच्या मध्यापर्यंत गोठणारं दव पडू शकतं, म्हणून फ्लीस अजून दाराशी घडी करून ठेवलंय.