आमची वाटचाल: रबरी पाईप ते हीटर

2008 ला पिंपळगाव बसवंतला आग्रा रोडला गॅरेजसाठी शेड भाड्याने घेतली तेव्हा पान्यांची पेटी, एक छोटा कम्प्रेसर, मी आणि माझा मावसभाऊ, एवढंच भांडवल होतं. काम म्हणजे ऑइल बदलणं नि फिल्टर बदलणं. खडी क्रशरवरचे डंपर यायचे, ड्रायव्हर लोक एअर फिल्टर काढून टायरवर आपटायचे आणि तोच परत बसवायचे, मी सांगून सांगून थकायचो की दादा आतला कागद फाटतो ओ, आणि मधला छोटा फिल्टर तर साफ करायचाच नसतो, बदलायचा असतो.

एकदा एक डंपर आला, पिस्टनच्या नवीन रिंगा टाकून सहा महिने पण झाले नव्हते आणि गाडी बॅक कॉम्प्रेशन मारत होती, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली इंजिनात उतरत होता. मालक म्हणे पार्ट डुप्लिकेट निघाले. मी फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) रबरी पाईप सोडवला, आतून पांढरं फडकं फिरवलं, तर फडक्यावर खडीची बारीक पूड! फिल्टर एकदम चांगला होता, पण क्लिपच्या खाली पाईपला केसाएवढी चीर. फिल्टरच्या पुढे फट पडली की धूळ अडवायला मध्ये काहीच नसतं, सरळ टर्बोत जाते, तिथून सिलिंडरमध्ये, आणि पॉलिशपेपर घासल्यासारख्या रिंगा खाते. त्या दिवसापासून आम्ही हवेच्या लाईनचंच काम मनावर घेतलं.

पिकअप वाढेल म्हणून बरेच जण पाईप कापून इंजिनाजवळूनच हवा घेतात, ते आम्ही करून देत नाही. बाहेरची हवा 30 अंश आणि इंजिनाजवळची 60 धरली तर तेवढ्याच जागेत हवा 9 टक्के कमी भरते, मग पिकअप कुठून येणार. हवा उंचावरून, कॅबिनच्या मागूनच घ्यायची.

हीटरचं काम लाल कांद्यामुळे सुरू झालं. थंडीत इथून कांदा घेऊन गाड्या जम्मू-श्रीनगरला जातात, तिकडे पहाटे सेल (स्टार्टर) मारमार मारून बॅटऱ्या बसायच्या, नुसता पांढरा धूर, ड्रायव्हर टाकीखाली चिंध्या पेटवायचे, ऐकूनच पोटात गोळा यायचा. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं, आणि थंडगार सिलिंडर ती गरमी पिऊन टाकतो. म्हणून मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाईपच्या, तोंडाशी पट्ट्यांचा हीटर बसवायचा, आत जाणारी हवाच तापवायची.

दुसऱ्याच हीटरला आमच्या हातून मोठी चूक झाली. आतल्या बाजूचा नट साध्या वॉशरवर आवळला होता, रोज तापून-थंड होऊन तो सैल झाला आणि इंजिनात गेला. पिस्टन फुटला, हेड खराब. ते इंजिन आम्ही आमच्या पैशाने बांधून दिलं, मिसेसच्या पाटल्या गहाण पडल्या त्यात, पण गाडीवाल्याचे रोजचे हप्ते चालू होते, त्याला रस्त्यावर कसं सोडायचं.

तेव्हापासून आत एकही सुटा नट ठेवत नाही, कनेक्शनचे नट सगळे बाहेर, हाताला येतील असे. 2 किलोवॅटचा हीटर 24 व्होल्टवर 80 च्या वर अँपिअर ओढतो, म्हणून जाड केबल, वेगळा रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळ फ्यूज. आणि कॅबिनमध्ये मोठ्या अक्षरात स्टिकर लावतो की स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, तापलेल्या पट्टीवर तो गेला की मॅनिफोल्डमध्येच भडका होतो.

गिऱ्हाईकाला हे पण आधीच सांगतो की हीटर हवा तापवतो, डिझेल नाही. टाकीतलंच डिझेल गोठलं तर हीटरने काही होणार नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 ला उणे 33 अंशापर्यंत चालणारं डिझेल आणलंय, तिकडे जाणाऱ्यांनी तेच भरावं.

आज शेडमध्ये सहा जण आहोत. पांढरं फडकं अजून प्रत्येक गाडीच्या पाईपातून फिरतं आणि मालकाला समोर उभं करूनच फिरवतो. उत्तरेला जाणाऱ्यांनी दिवाळीच्या आधीच गाडी आणा भाऊ, नंतर गर्दी होते आणि हे काम घाईत करायचं नाही असं आमचं ठरलंय.